पुनरुक्ती

बुधवारी चारनंतर, खोली नंबर चौदा.
गंगापूर रोडचे हॉर्न खिडकीतून आत,
आणि कापडणीस सरांचा एकच नियम:
ज्याची कथा, त्याने बोलायचं नाही.

म्हणून केदा भोये गप्प.
तसा तो एरवीही गप्पच,
सुरगाण्याहून आल्यापासून.
त्या दिवशी तो नियमाने गप्प होता
आणि मी नियमाने बोलत होते.

अकरा पानं. दोनदा वाचलेली,
दुसऱ्यांदा लाल पेन घेऊन.
निवेदक कुठे घसरतो, कलाटणी किती उशिरा येते,
संघर्ष आतला की बाहेरचा,
दुसऱ्या वर्षाला शिकलेलं सगळं
मी त्याच्या आईवर वापरलं.

म्हणजे कथेतल्या आईवर.
ती दिंडोरीकडे विरळणीला जाते.
द्राक्षाच्या मांडवाखाली उभी, हातात छोटी कात्री,
घडातले काही मणी कापते
उरलेल्यांनी फुगावं म्हणून.
संध्याकाळी जीप येते. बस, एवढंच.

'हात वर' हे शब्द सात वेळा आलेत,
मी सगळ्यांना मोजून दाखवलं.
सातही ठिकाणी लाल गोल. समासात: पुनरुक्ती.
आणि खाली माझं मलाच आवडलेलं वाक्य,
'विरळणीवर लिहिणाऱ्याने
आधी आपल्या वाक्यांची विरळणी करावी.'
सगळे हसले. सर हसले.
केदाही हसला थोडा,
वहीचा कोपरा दुमडत, उलगडत.

मग माझ्या कथेचे कागद फिरून परत आले.
माझी नायिका चार दिवस
धरणाच्या बॅकवॉटरला बसून आठवत असते.
मृण्मयीने लिहिलेलं, अप्रतिम गं!
तन्मयने, प्रतिमा छान.
शेवटच्या पानामागे केदाचं शिसपेन, पुसट:
'चार दिवसांत हिला एकदाही भूक लागत नाही.'

ना बरं, ना वाईट.
मी अशोकस्तंभापर्यंत चालत रागावले,
रिक्षात बसून रागावले,
भूक हा काय वाङ्मयीन निकष आहे का,
हे सातपूरच्या सिग्नलला
शेजारच्या बाईंना विचारणारच होते.

घरी पोचले तर भूक लागली होती.

रात्री गच्चीवर कपडे काढायला गेले.
दोरी उंच. हात वर केले
आणि तसेच ठेवले, मुद्दाम,
मोबाइलवर वेळ लावून.
पहिल्या मिनिटात काहीच नाही.
दुसऱ्यात कारखान्यांचे दिवे मोजले.
तिसऱ्यात खांद्यांना नाव फुटलं,
मानेत कुणीतरी खिळा धरला.
चार मिनिटं अकरा सेकंद.
ओला टॉवेल तोंडावर पडला.

सात वेळा.
अकरा पानांत, आठ तासांच्या दिवसात,
फक्त सात वेळा.
विरळणी त्याने आधीच केली असणार.
वीस-पंचवीसांतले उरलेले हे सात
आणि मी पुन्हा कात्री घेऊन.

दुसऱ्या दिवशी त्याची प्रत मागून घेतली.
लाल पेन खोडरबराने जात नाही.
'पुनरुक्ती'पुढे स्वल्पविराम देऊन लिहिलं,
राहू दे.

'शेवटचा परिच्छेद मात्र काढ,' मी म्हटलं.
'जीप गेल्यावर ती आभाळाकडे बघत राहते,
ते तुझं नाही.
ते माझ्यासारख्यांकडून उचललंयस.'
केदाने चहाचा ग्लास खाली ठेवला.
'ते तुम्हाला आवडंल म्हणून घातलं होतं,' म्हणाला.

काल रात्री मी माझ्या नायिकेला
पाण्याकाठून उठवलं.
आता ती खायला काहीतरी शोधत हिंडते आहे,
आणि दुपारी तीन वाजता, आडवारी,
धरणाच्या बाजूला कुठली टपरी उघडी असते
ते मला ठाऊक नाही.

जाऊन बघायला हवं.